मनाचं दुखणं कसं विचारावं?

ताप आला तर अंग गरम लागतं. पाय मुरगळला तर सुजतो. पण मन दुखू लागलं तर वरून दिसत नाही. ते विचारावं लागतं. कसं विचारावं, हे एका बाईंनी दाखवून दिलं. त्यांची हकिकत आम्ही येथे सांगतो.

ऑस्ट्रेलिया हा देश समुद्रापलीकडे फार दूर आहे. तेथील आदिवासी ५० हजार वर्षांहून अधिक काळ त्या भूमीवर राहत आहेत. १७८८ साली इंग्रज तेथे वस्तीला आले. आदिवासींच्या जमिनी गेल्या. पुढे सरकारने हजारो मुलं आईबापांपासून तोडून नेली. १९७० च्या सुमारापर्यंत हे चाललं. २००८ साली पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली. पण अशी जखम पिढ्यान्‌पिढ्या राहते. आजही तेथील आदिवासी तरुणांत आत्महत्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतात.

ट्रेसी वेस्टरमन या बाई न्यामल जमातीच्या. टॉम प्राइस हे लोखंडाच्या खाणीचं गाव. तेथे त्या वाढल्या. पुढे त्या मनाचं शास्त्र शिकल्या. २००३ साली पर्थ शहरातील कर्टिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली.

मन तपासायचे प्रश्न तेव्हा गोऱ्या लोकांवरून बेतलेले होते. आदिवासी पोरगा वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवतो. ती त्याची अदब असते. आपल्या भूमीपासून दूर गेलेला माणूस तिच्यासाठी झुरतो. घरात कुणी गेलं, तर त्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो. परक्याला हे वेड वाटतं. आणि खरं दुखणं मात्र ध्यानात येत नाही.

म्हणून ट्रेसीबाईंनी १३ ते १७ वर्षांच्या आदिवासी मुलांसाठी वेगळे प्रश्न तयार केले. त्यांत दुखणं विचारतात, तसंच बळही विचारतात. आपल्या माणसांशी, आपल्या रीतीभातींशी नातं किती घट्ट आहे, हेही पाहतात. १९९८ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. आदिवासी वस्त्यांत जाऊन त्यांनी तरुणांना, वडीलधाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना शिकवलं. २०१९ साली आदिवासी विद्यार्थ्यांना हेच शास्त्र शिकता यावं म्हणून शिष्यवृत्ती सुरू केली.

यातून आपणही एक गोष्ट घ्यावी. घरातलं पोर एकाएकी गप्प झालं, ताटावरून उठू लागलं, तर रागावू नका. जवळ बसा. आपल्या बोलीत विचारा. ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ असं विचारायलाही भिऊ नका. विचारल्याने पोर त्या वाटेला लागत नाही. उलट त्याचं ओझं हलकं होतं. मग त्याला एकटं सोडू नका. दवाखान्यात घेऊन जा. मनाच्या दुखण्यालाही औषधपाणी आहे.