'सिझर' शब्द आला कुठून? अर्थ, उगम आणि गैरसमज



आपल्या पारोळ्यात काय किंवा धुळे-जळगावला काय, बाळ झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नॉर्मल झालं की सिझर?" हा शब्द मुलांच्याही कानावर पडतो. मग चौथी-पाचवीतलं एखादं चुणचुणीत मूल वर्गात विचारतं, "मॅडम, सिझर म्हणजे काय?" अशा वेळी विषय टाळण्यापेक्षा शब्दाची गोष्ट सांगावी. म्हणून आज आपण या शब्दाची माहिती पाहू.

शब्दाचा अर्थ

'सिझर' हे 'सिझेरियन' या शब्दाचं आपण केलेलं छोटं रूप. आईचं पोट आणि गर्भाशय यांना छेद देऊन बाळ बाहेर काढणं, हा त्याचा अर्थ. बाळ पोटात आडवं असेल, त्याचे ठोके मंदावले असतील किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तर डॉक्टर ही शस्त्रक्रिया करतात.

राजाची गोष्ट खरी का?

रोमचा ज्युलिअस सीझर असाच पोट कापून जन्मला, म्हणून हे नाव पडलं, असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण ते पटण्यासारखं नाही. त्या काळी ही शस्त्रक्रिया मरण पावलेल्या किंवा मरणाच्या दारात असलेल्या स्त्रीवरच करत. सीझरची आई ऑरेलिया मात्र मुलगा मोठा सेनापती होईपर्यंत हयात होती. ती वारली इसवी सनपूर्व ५४ मध्ये, तेव्हा सीझर पंचेचाळिशीच्या पुढे होता.

मग हा गोंधळ झाला कसा? इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं की, सीझर घराण्यातला पहिला पुरुष आईचं पोट कापून जन्मला, म्हणून त्या घराण्याला हे नाव मिळालं. पुढे लोकांनी ती गोष्ट प्रसिद्ध ज्युलिअस सीझरला चिकटवली.

शब्दाचं मूळ

लॅटिन भाषेत 'कापणे' या अर्थाचा 'केडेरे' असा धातू आहे. त्याचं 'कापलेलं' या अर्थाचं रूप 'केसुस'. सिझेरियनचं नातं बहुतेक अभ्यासक या धातूशी जोडतात. गंमत म्हणजे, "सिझर म्हणजे कात्री, कात्रीने कापतात म्हणून सिझर" असं आपल्याकडे काही जण म्हणतात. तो अंदाज अगदीच फुकट नाही, कारण कात्रीच्या इंग्रजी शब्दाचं मूळही याच धातूपर्यंत जातं. 'सिमेंट'सुद्धा याच कुळातलं! ज्या लॅटिन शब्दापासून ते आलं, त्याचा अर्थ फोडलेल्या दगडाचे तुकडे.

सीझर हे नाव पुढे पदवी झालं. जर्मनीत 'कैसर', रशियात 'झार'. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळालेल्या 'कैसर-ए-हिंद' पदकातला 'कैसर' तोच.

आपले शब्द काय सांगतात?

संस्कृतात 'सू' म्हणजे जन्म देणे. त्यापासून प्रसूती, प्रसव, सूतिकागृह आणि आपली गावाकडची 'सुईण' हे शब्द आले. 'सुतक' हा शब्दही मुळात जन्माशी जोडलेला होता, आज आपण तो मृत्यूनंतर वापरतो. शब्दांचे अर्थ असे फिरतात.

पोट कापून बाळ वाचवण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. गर्भवती मरण पावली आणि पोटात बाळाची हालचाल जाणवत असेल, तर वैद्याने छेद घेऊन बाळ काढावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. म्हणजे तिथेही आई गेल्यावरचाच हा उपाय.

आई कधी वाचू लागली?

१८२६ मध्ये केपटाऊनला डॉ. जेम्स बॅरी यांनी केलेल्या शस्त्रक्रियेत आई आणि बाळ दोघंही वाचले. पण असं क्वचितच घडे. १८४६ नंतर भूल देण्याची पद्धत पसरली, पुढे जंतुसंसर्ग टाळण्याचे उपाय आले आणि १८८२ मध्ये जर्मनीच्या मॅक्स सेंगर यांनी गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून धोका कमी होत गेला.

याच काळात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकत होत्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहाच दिवस जगलं होतं. त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र.

शेवटी महत्त्वाचं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात २०१५-१६ मध्ये दर शंभर बाळंतपणांत सुमारे १७ सिझेरियन होती, २०१९-२१ मध्ये ती २१ च्या पुढे गेली. गरज नसताना सिझर करू नये, हे बरोबरच आहे. त्याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. पण "तिचं काय, सिझर झालं, तिला कुठे कळा सोसाव्या लागल्या!" असं बाळंतिणीला ऐकवणं बरोबर नाही. पोटावर टाके असताना तीही रात्र रात्र बाळाला घेऊन जागते. एकाला 'नॉर्मल' म्हटलं की दुसरीला आपलं काहीतरी कमी पडलं असं उगाच वाटत राहतं.

ज्या उपायात एके काळी आई वाचायचीच नाही, त्याच उपायाने आज आई आणि बाळ दोघंही घरी येतात. वर्गात मुलांनी विचारलं तर एवढंच सांगा : "बाळाला नेहमीच्या वाटेने येता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी दुसरी वाट केली." मुलांना तेवढं पुरतं. आणि घरी जाऊन ती आपल्या आईकडे थोड्या वेगळ्या नजरेने बघतात.