पोट दिसण्याआधीचे तीन महिने

“म्याडम, हिला ताकदीचं काहीतरी लिहून द्या. आठ दिवस झालं, नुसती पडून राहायलीय. भाकर थापायला बसली की तोंड दाबून उठून पळायलीय.”

सासूबाई बोलत होत्या आणि सून फरशीकडे बघत होती. रेणापुरातल्या माझ्या दवाखान्यात असा प्रसंग महिन्यातून दोन-चारदा तरी घडतोच. मी सुनेला शेवटच्या पाळीची तारीख विचारली. तिने आधी सासूकडे पाहिले, मग हळू आवाजात सांगितली. आठवा आठवडा चालू होता. तिला ते तीन आठवड्यांपासून ठाऊक होते, नवऱ्यालाही ठाऊक होते. मग घरात सांगितले का नाही?

“तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगू नये म्हणतात ना.”

सासूबाई निम्म्या रागावल्या, निम्म्या हरखल्या. “मी काय परकी हाय का गं?” एवढेच म्हणाल्या.

मी हसले नाही, कारण हाच शहाणपणा मी स्वतः केलेला आहे. १९९४ साली मला दिवस गेले तेव्हा मी डॉक्टर झालेली होते, दुसऱ्या बायकांना सल्ले देत होते, आणि घरात मात्र दोन महिने गप्प राहिले. फोडणीचा वास आला की मोरीत जायचे, नळ मोठा सोडायचा, म्हणजे ओकारीचा आवाज बाहेर जाणार नाही. दुपारी दवाखान्यात टेबलावर डोके टेकून झोपायचे. शेवटी सासूबाईंनीच ओळखले. मी चहा सोडला होता, यावरून!

ही चाल पडली ती उगीच नव्हे. कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा ते वीस पहिल्या काही महिन्यांत पडतात, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. आपल्या आज्यांनी हे आकडे वाचले नव्हते, पण पाहिले होते. गावभर पेढे वाटून झाल्यावर तोच गाव विचारपूस करायला आला म्हणजे बाईला किती जड जाते, हे त्यांना माहीत होते. तेव्हा गावाला सांगू नका, हे ठीकच आहे. पण गावाला न सांगणे वेगळे आणि घराला न सांगणे वेगळे. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, नवव्यात तिला कुणी वाकू देत नाही. आणि दुसऱ्या महिन्यात, जेव्हा शरीराची सगळ्यांत मोठी उलथापालथ चाललेली असते, तेव्हा तीच बाई डोक्यावर घागर घेऊन चाललेली असते. कारण पोट दिसत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत उन्हात उभ्या राहून घेरी आलेल्या बायका माझ्याकडे यायच्या. त्यातल्या काहींनी मला सांगितलेले घरी सांगितलेले नव्हते.

आत नेमके काय चाललेले असते? गर्भाभोवतीच्या पेशी एक संप्रेरक तयार करू लागतात. लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या त्याच्यामुळे. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जाते आणि नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. मळमळही साधारण त्याच दिवसांत शिगेला पोचते. दुसरे संप्रेरक प्रोजेस्टेरॉन. त्याने गर्भाशय सैल राहते, म्हणून ते हवेच, पण त्याबरोबर आतडीही सुस्तावतात आणि डोळ्यांवर सारखी झापड येते. म्हणजे सून आळशी झालेली नसते, तिच्या रक्तातच झोपेचे औषध फिरत असते. छाती दुखरी होते, लघवीला वारंवार जावे लागते, उगीच रडू येते. शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणींना मळमळ होते, बाकीच्यांना होत नाही. न होणाऱ्यांनीही घाबरू नये. उलट्या जास्त म्हणजे मुलगा किंवा मुलगी असले हिशेब तर कृपा करून माझ्यासमोर मांडू नका. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगणे हा गुन्हा आहे, एवढे लक्षात असू द्या.

मळमळीवर माझा पहिला उपाय अंथरुणातलाच आहे. उशाशी एका डब्यात कोरडे काहीतरी ठेवावे. चुरमुरे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या किंवा कालच्या भाकरीचा वाळलेला तुकडा. उठण्याआधी चार घास चावून खावेत, दहा मिनिटे पडून राहावे, मग पाय खाली टाकावेत. रिकामे पोट मळमळ वाढवते, म्हणून दिवसभर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे खावे. पाणी जेवणाबरोबर ढसाढसा न पिता मधल्या वेळात घोट-घोट प्यावे. लिंबू, आले, सुंठ ज्यांना सोसते त्यांना आराम पडतो. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. आणि फोडणी? ती महिना-दीड महिना दुसऱ्या कुणीतरी द्यावी. नवऱ्याने दिली तर तेल वेगळे कडकडत नाही.

“आता दोन जिवांचं खा” हा आग्रह या काळात तरी करू नये. पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसे वाढत नाही, काहींचे किलो-दोन किलो उतरतेही. जे पोटात राहील ते खावे. पिकलेली पपई खाल्ल्याने गर्भ पडत नाही. कच्च्या पपईचा चीक असतो, ती टाळावी. अंडी, डाळ, शेंगदाणे, पालेभाज्या ‘उष्ण’ म्हणून बंद करू नयेत. आमच्या भागात अशी बंदी घालतात आणि मग सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ निघाले म्हणून धावपळ होते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला होता.

इथे एक गोष्ट सांगते, ती आपल्या महाराष्ट्रातच घडलेली आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, आणि ते नेहमीचे लोहाच्या कमतरतेचे दुखणे नव्हते. विल्सबाईंनी त्यांच्या जेवणाकडे लक्ष दिले. यीस्टच्या अर्कापासून बनवलेला, ‘मार्माइट’ नावाचा एक स्वस्त पदार्थ दिल्यावर बायका सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात काय आहे ते तेव्हा कुणालाच कळले नव्हते. पुढे ते फॉलिक आम्ल निघाले. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसले की, ज्यांना आधी मणक्याचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी दिवस जाण्यापूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले तर पुन्हा तसे मूल होण्याचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटतो. मुंबईच्या गिरणी कामगारणींच्या दुखण्यातून निघालेली ती गोळी आज तुमच्या उपकेंद्रात फुकट मिळते.

पण तिला वेळेचे बंधन आहे. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तिसरा महिना सरल्यावर नाव नोंदवायला आलेल्या बाईला मी ती गोळी दिली तरी त्या नळीच्या कामाला ती उशिराच पोचते. म्हणून मूल हवे असे ठरले की त्याच महिन्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी. लोहाची लाल गोळी तीन महिन्यांनंतर. ती चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही.

बाकी औषधांच्या बाबतीत मात्र हात आखडता हवा. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध निघाले. मळमळीसाठी गरोदर बायकांनाही ते सर्रास दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले, तोवर जगभर दहा हजारांवर मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. तेव्हा दुकानातून ‘उलटीची गोळी द्या’ म्हणून काहीही आणू नका. उलट्यांवर आज चालणाऱ्या, वर्षानुवर्षे वापरून सुरक्षित ठरलेल्या गोळ्या आहेत. डॉक्टरला विचारलेत तर उगीच सोसावे लागणार नाही. आणि मिशरी! मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती रक्तात जाते आणि बाळाचे वजन कमी भरते. “म्याडम, मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होईना,” असे मला रोज ऐकू येते. त्यासाठी पाणी वाढवा, भाकरीबरोबर पालेभाजी वाढवा, पण मिशरीचा डबा दुसऱ्याच्या हाती द्या.

पाण्यावरून आठवले. शेतात आडोसा नाही, एस.टी.त बसल्यावर सोय नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. या दिवसांत लघवीला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि तो बाळालाही बाधतो. जळजळ, थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. पण पाणी कमी करू नका.

रोजच्या कामाने गर्भ पडतो का, हा प्रश्न सगळ्याच विचारतात. स्वयंपाक, झाडलोट, चालणे, खुरपणी यांनी निरोगी गर्भ पडत नाही. सुरुवातीला जे गर्भ पडतात त्यातल्या निम्म्याहून अधिकांची गुणसूत्रांची जुळणीच बिघडलेली असते, त्यात कुणाचा दोष नसतो. “तू त्या दिवशी हंडा उचललास म्हणून” असे जन्मभर ऐकवणाऱ्या घरांनी हे दोनदा वाचावे. मात्र जड ओझी, भर उन्हात तासन्‌तास ओणवे काम, उपाशीपोटी मजुरी हे टाळायला हवे. टाळणे कुणाला परवडते, हा प्रश्न आहेच. आमच्या तालुक्यात निवाड्याला साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, बाई बसली तर निम्मा कोयता बसला. तिला “विश्रांती घे” सांगताना मला स्वतःचीच लाज वाटते. तिला मी एवढेच सांगते, की मोळ्या डोक्यावरून वाहण्याचे काम टोळीतल्या दुसऱ्या कुणाला दे, तू बांधणीला बस, आणि माता व बाल संरक्षण कार्ड गावाकडे ठेवू नको, बरोबर आण. त्या कार्डावर तपासणी इथल्या केंद्रातही होते. लवकर नोंदणीचा दुसरा फायदाही आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या एका गावची बाविशीतली मुलगी, सोयाबीनच्या खुरपणीत होती. दोन दिवसांपासून उजव्या ओटीपोटात दुखत होते, थोडे डागही लागले होते. घरी म्हणाली, पित्त झालंय. पाळी चुकून तीन आठवडे झालेत हे तिने कुणालाच सांगितले नव्हते, अगदी नवऱ्यालाही. तिसऱ्या दिवशी शेतातच चक्कर येऊन पडली. माझ्याकडे आणली तेव्हा अंग गार, नाडी दोऱ्यासारखी, आणि खांदा दुखतोय म्हणत होती. पोटात रक्त साचले की खांद्याला कळ येते. गर्भ गर्भाशयात न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. शंभरात एखाद-दुसऱ्या गरोदर बाईला असे होते. १०८ वरून गाडी मागवली, शिरेतून सलाइन लावून तिला लातूरला पाठवले. तिथे त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, रक्त चढवले, ती वाचली.

पाळी चुकलेली आणि एका बाजूला पोटात दुखते, डाग लागतात, घेरी येते, यातले काहीही असले तर उद्यावर टाकू नका. दिवसभरात घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि अगदी थोडी होत असेल, तर ती नेहमीची मळमळ नव्हे, सलाइन लागते. हे तुम्हाला कळेलच, पण घेरी आलेल्या बाईला ते स्वतःला सांगता येईलच असे नाही. तिच्याऐवजी सांगणारे कुणीतरी घरात हवे.

ती मुलगी दीड वर्षाने परत आली. पाळी चुकून जेमतेम आठ दिवस झालेले. एकदा नळीत गर्भ राहिला की पुढच्या वेळी तो जागेवर आहे ना, हे लवकर पाहावे लागते, म्हणून मी तिला पाळी चुकताच ये असे बजावले होते. या वेळी बरोबर सासू होती. सासूने कनवटीची पिशवी सोडून कागदात गुंडाळलेली पट्टी टेबलावर ठेवली. त्यावर दोन रेघा होत्या.

“आशाताईकडून मीच आणली होती म्याडम,” त्या म्हणाल्या. “हिच्या भरवशावर राहिले तर ही परत म्हणायची, पित्त झालंय.”

पुढच्या आठवड्यात दोघी लातूरला जाऊन सोनोग्राफी करून आल्या. गर्भ जागेवर होता. ठोके अजून दिसत नव्हते, दहा दिवसांनी पुन्हा बोलावले होते. दहा दिवसांनी दिसले. घरात तोवर चौघांनाच ठाऊक होते. गावाला त्यांनी तिसरा महिना सरल्यावरच सांगितले.