मुंबई सिटी एफसी आणि मुंबई फुटबॉल अरेना

मुंबई सिटी एफसी हा इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा मुंबईतील व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. त्याचे घरचे मैदान अंधेरी पश्चिमेतील शहाजी राजे क्रीडासंकुलात असून ते ‘मुंबई फुटबॉल अरेना’ या नावाने ओळखले जाते. २०२४ पर्यंत क्लबने लीगचे दोन ढाल-किताब आणि दोन चषक पटकावले. या चारही विजयांवर शिक्कामोर्तब मात्र अन्य शहरांत झाले.

मैदान

वीरा देसाई मार्गावरील हे क्रीडासंकुल बृहन्मुंबई महानगरपालिकेचे आहे. मेट्रोचे आझाद नगर स्थानक येथून जवळ आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सनचा कार्यक्रम येथेच झाला आणि अनेक मुंबईकरांना संकुल त्याच आठवणीने ठाऊक आहे. फुटबॉलसाठीची प्रेक्षकक्षमता साधारण ७,००० असल्याने प्रेक्षक मैदानाच्या अगदी निकट बसतात.

जून २०१८ मधील आंतरखंडीय चषकात भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा जेमतेम अडीच हजार प्रेक्षक उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीद्वारे, टीका करायची असेल तरी मैदानात येऊन करा, अशी विनवणी केली. परिणामी ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता.

क्लब

२०१४ मध्ये स्थापन झालेला क्लब प्रथम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळत असे. अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे त्याचे आरंभीचे मालक होत. २०१६ मध्ये क्लब अंधेरीत आला आणि त्याच वर्षी दिएगो फोर्लानच्या साथीने साखळीत अव्वल ठरला. उपांत्य फेरीत कोलकात्यात ३-२ अशी हार पत्करल्यावर अंधेरीतील परतीचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि अंतिम फेरी हुकली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालक संस्था सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ चा हंगाम करोनामुळे संपूर्णपणे गोव्यात खेळवला गेला. सर्जिओ लोबेरा यांच्या संघाने ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला केलेला निर्णायक गोल मुंबईच्या चाहत्यांना दूरचित्रवाणीवरच पाहावा लागला. २०२२-२३ ची ढाल गोव्यात, तर मे २०२४ मधील चषक कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने नमवून निश्चित झाला.

आशियाई सामने

एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढील सहभागात मात्र अंधेरीचे मैदान अपुरे पडले. २०२३ मधील मोहीम पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली आणि ६ नोव्हेंबरचा अल हिलालविरुद्धचा सामना डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. दुखापतीमुळे नेमार आला नाही. तरीही सुमारे ३० हजार प्रेक्षक जमले. मुंबई ०-२ ने पराभूत झाली. एवढी गर्दी अंधेरीच्या क्षमतेच्या चौपटीहून अधिक होती.