परदेशी निवडणुका आणि वऱ्हाडातला कापूस

२०२४ हे साल जगाच्या इतिहासात निवडणुकांचे साल म्हणून नोंदले जाईल. जानेवारीत बांगलादेश, फेब्रुवारीत पाकिस्तान व इंडोनेशिया, एप्रिल ते जून आपली लोकसभा, मेअखेरीस दक्षिण आफ्रिका, जूनमध्ये मेक्सिको, जुलैच्या आरंभी ब्रिटन व फ्रान्स, सप्टेंबरात श्रीलंका आणि नोव्हेंबरच्या ५ तारखेला अमेरिका, अशी ही मालिका वर्षभर चालू राहिली. त्याच नोव्हेंबरच्या २० तारखेस महाराष्ट्राने आपली विधानसभा निवडली. वर्तमानपत्र नेमाने वाचणाऱ्या माणसाला या काळात बातम्यांची वाण मुळीच नव्हती. तथापि यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेड येथे बसून पेनसिल्व्हेनियातील सभा आणि लंडनमधील वादविवाद यांची वृत्ते वाचणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला वा विद्यार्थ्याला त्यांतून नेमके काय मिळाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. करमणूक व चार लोकांत बोलण्यापुरती माहिती, एवढेच जर मिळाले असेल, तर तो खटाटोप व्यर्थ म्हणावा लागेल. परंतु परदेशातील राजकारणाचा या जिल्ह्याशी असलेला संबंध करमणुकीचा नाही. तो पोटापाण्याचा आहे, आणि तो आजकालचाही नाही.

लिंकनची निवड आणि वऱ्हाड

६ नोव्हेंबर १८६० रोजी अमेरिकेत अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेकडील संस्थाने फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धास तोंड लागले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरताच लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली आणि मुंबईच्या बाजारात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८५३ च्या करारान्वये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कपाशीचा पेरा वाढला तो या काळात. १८६५ साली युद्ध संपले, तसे भाव कोसळले. मुंबईत शेअरांचा फुगा फुटला आणि चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढणारे बुडाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे धावू लागली, तीही याच कापसाच्या गाठींसाठी.

त्या वेळच्या वऱ्हाडी कुणब्याने लिंकन हे नावही ऐकले नसेल. ज्या निवडणुकीने त्याचे पीक, त्याचे कर्ज आणि त्याच्या नातवंडांचे नशीब बदलले, ती झाल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. आज वार्ता काही क्षणांत पोहोचते. तिचा अर्थ किती पोहोचतो, हे पाहावयाचे आहे.

२०२४ च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मालावर सरसकट आयातकर लावण्याचे आश्वासन सभासभांतून दिले. आपल्याकडे ही वृत्ते आली, पण ती वाचली गेली उमेदवाराच्या विक्षिप्त बोलण्याचे मासले म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण पुढे करून आणखी २५ टक्के, असा एकूण ५० टक्के कर लागला. २७ ऑगस्टपासून तो पूर्णपणे अमलात आला. अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत उठविले आणि नंतर ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. नवा कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येतो. नेमक्या त्याच वेळी परदेशी कापसाला दार मोकळे झाल्याने भाव पडतील, ही शेतकरी संघटनांची तक्रार होती. गिरणीमालकाची बाजू खोटी होती असे नाही. कारखाना बंद पडला तर तेथील मजुराचीही चूल विझते. परंतु पेनसिल्व्हेनियातील व्यासपीठापासून राळेगाव किंवा पांढरकवड्याच्या बाजार समितीपर्यंत येणारी ही वाट डोळसपणे वाचणाऱ्याला वर्षभर आधी दिसू शकली असती.

पूर्वेकडेही हेच. बांगलादेश हा भारतीय कापसाचा मोठा गिऱ्हाईक. ५ ऑगस्ट २०२४ रोजी तेथे शेख हसीना यांची सत्ता गेली, दोन्ही देशांतील संबंध बिघडले, आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथील सरकारने भारतातून जमिनीवरील नाक्यांमार्गे येणारे सूत बंद केले. ढाक्यातील सत्तांतर ही बातमी आपण पहिल्या पानावर वाचली. सुताची बातमी आतल्या पानावर बारीक अक्षरांत राहिली. वऱ्हाडच्या दृष्टीने दोन्हींचे मोल निदान सारखे होते.

आपला माणूस

परदेशी राजकारण वाचण्याच्या आपल्या दोन सवयी आहेत आणि दोन्ही सोडण्याजोग्या आहेत. पहिली सवय क्रिकेटच्या धावफलकाची. कोण पुढे, कोण मागे, कोणाची विकेट पडली, एवढेच आपण पाहतो. २०२४ च्या जुलैत ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मते आणि सुमारे ६३ टक्के जागा मिळाल्या. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये मतांत आघाडीवर असलेला पक्ष दुसऱ्या फेरीनंतर जागांच्या हिशेबात तिसऱ्या क्रमांकावर गेला. ‘अमुक पक्षाची लाट’ असे म्हणून या बातम्या गुंडाळता येतात; परंतु मते आणि जागा यांच्यात एवढे अंतर का पडते, एका फेरीची पद्धत आणि दोन फेऱ्यांची पद्धत यांत भेद काय, हे विचारले म्हणजे आपल्या पद्धतीचे गुणदोषही दिसू लागतात. महाराष्ट्राने जून २०२४ मध्ये ४८ पैकी ३० जागा एका आघाडीला दिल्या आणि नोव्हेंबरात २८८ पैकी २३० जागा दुसऱ्या आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना. एवढी उलथापालथ निव्वळ ‘लाट’ या शब्दाने समजावून घेता येणार नाही.

दुसरी सवय ‘आपला माणूस’ शोधण्याची. मालवण तालुक्यातील वराड गावचे मूळ असलेले लिओ वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा महाराष्ट्रभर आनंद झाला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मिशिगनमधून निवडून गेले, त्याचेही कौतुक झाले. आनंद मानण्यात गैर काहीच नाही. परंतु वराडकरांच्या पक्षाचे अर्थकारण कोणते, ठाणेदार कोणत्या मतदारांचे कोणते प्रश्न मांडतात, याची चौकशी किती जणांनी केली? आडनाव मराठी असले म्हणून धोरण मराठी शेतकऱ्याच्या हिताचे होत नाही. ज्या मतदारांनी निवडून दिले त्यांच्याशीच त्यांची बांधिलकी असणार, आणि तशीच ती असली पाहिजे.

या जिल्ह्याची परंपरा याहून मोठी आहे. वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० साली पुसदच्या जंगलात गवत कापून कायदेभंग केला. तेच अणे १९४३ ते १९४७ या काळात सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. गावच्या जंगलाचा कायदा आणि समुद्रापलीकडील मळेमजुरांचा प्रश्न हे दोन वेगळे विषय आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते.

आश्वासनांची भूमी

परदेशी प्रचाराकडे पाहण्याची दृष्टी कमवावयाची ती शेवटी घरच्या उपयोगासाठी. आणि या बाबतीत यवतमाळइतका अनुभवी जिल्हा महाराष्ट्रात दुसरा नसेल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर झाले आणि तेव्हापासून प्रत्येक पक्षाला येथे येऊन काही तरी सांगावेसे वाटले.

जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८ च्या अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची कर्जमाफी आली. परंतु पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर ठेवलेली होती. ओलिताच्या प्रदेशात दोन हेक्टरचा धनी सुखवस्तू असू शकतो. येथील कोरडवाहू रानात तीन हेक्टरचा मालकही कर्जबाजारी असतो. त्याच्या वाट्याला प्रथम केवळ २५ टक्क्यांची सूट आली, आणि ओरड झाल्यावर किमान २० हजारांची तरतूद झाली. घोषणेचा आकडा सर्वांनी वाचला होता. दोन हेक्टरची अट फार थोड्यांनी वाचली होती.

२० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे नरेंद्र मोदी यांनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. ७ एप्रिलला त्यांच्या पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, त्यात उत्पादनखर्चावर किमान ५० टक्के नफ्याचे वचन होते. १० एप्रिलला विदर्भाने मतदान केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात असा भाव दिल्यास बाजारात विकृती येईल, असे सांगितले. २०१८ च्या अर्थसंकल्पात मात्र दीडपट भावाचे तत्त्व स्वीकारल्याची घोषणा झाली. मग वचन पाळले की मोडले? उत्तर ‘खर्च’ या शब्दात आहे. सरकार धरते तो खर्च म्हणजे प्रत्यक्ष केलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हा खर्च ५,१४० रुपये क्विंटल धरला गेला. त्याची दीडपट ७,७१० रुपये होते आणि हमीभाव तेवढाच जाहीर झाला. हिशेब चोख आहे. परंतु स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरून येणाऱ्या सर्वसमावेशक खर्चावर ५० टक्के मिळावेत, ही शेतकरी संघटनांची मागणी आहे, आणि त्या मोजमापाने हा भाव अपुरा ठरतो. एकच वाक्य, दोन अर्थ. आणि व्यासपीठावरून कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते कोणी सांगितले नाही, श्रोत्यांनीही विचारले नाही.

२०२४ च्या विधानसभा प्रचारात एका आघाडीने बहिणींना महिना २,१०० रुपये व कर्जमाफी कबूल केली, दुसरीने ३,००० रुपये व तीन लाखांपर्यंतची कर्जमाफी. पैसा कोठून येणार, हा प्रश्न दोन्हींकडे दुय्यम राहिला.

हिशेब तपासण्याची रीत

येथेच परदेशांकडून शिकण्याजोगे काही आहे. नेदरलँड्स या आपल्या एखाद्या प्रशासकीय विभागाएवढ्या देशात १९८६ पासून एक प्रथा आहे. निवडणुकीपूर्वी राजकीय पक्ष आपला कार्यक्रम तेथील केंद्रीय नियोजन कार्यालयाकडे तपासणीस देतात. या कार्यक्रमाने तिजोरीवर किती भार पडेल, रोजगारावर व उत्पन्नावर काय परिणाम होईल, याचे आकडे ते कार्यालय प्रसिद्ध करते. कायद्याची सक्ती नाही. तरीही अनेक मोठे पक्ष ती स्वीकारतात. ब्रिटनमध्ये हे काम एक स्वतंत्र संशोधन संस्था करते आणि जाहीरनाम्यातील बेरीज-वजाबाकीच्या चुका नावानिशी दाखवते. तेथे दूरचित्रवाणीवर पैसे देऊन प्रचाराची जाहिरात करता येत नाही, आणि उमेदवाराप्रमाणे पक्षाच्या खर्चालाही मर्यादा आहे. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख व विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा २०२२ पासून आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही.

आपल्याकडे नियम अजिबात नाहीत असे मात्र नव्हे. ५ जुलै २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने २०१४ साली आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी नवा भाग घातला. आश्वासनामागील कारणमीमांसा आणि त्यासाठी पैसा उभारण्याचे मार्ग ढोबळमानाने तरी सांगावेत, असे त्यात म्हटले आहे. हा नियम कागदावर आहे. त्याची आठवण करून देणारा मतदार मात्र व्यासपीठासमोर नाही. उणीव आहे ती येथे.

ती भरून काढण्याचे काम दिल्लीतून होणार नाही. ते सुशिक्षित मध्यमवर्गाचे काम आहे, आणि जिल्ह्यात हा वर्ग थोडाथोडका नाही. यवतमाळ हा एकच जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागलेला आहे. वणी व आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत, उरलेला यवतमाळ-वाशीममध्ये. २०२४ साली त्याचे मतदान १९ व २६ एप्रिल अशा दोन दिवशी झाले. तीन मतदारसंघांतील प्रचार ताडून पाहण्याची अशी संधी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अन्यत्र मिळणार नाही. एका पक्षाने आर्णीत काय सांगितले आणि उमरखेडमध्ये काय, याची कात्रणे जमविणे, प्रत्येक आश्वासनापुढे अट, रक्कम आणि मुदत असे तीन रकाने आखणे, आणि पाच वर्षांनी ती वही वाचनालयात सर्वांसाठी ठेवणे, यास पैसा लागत नाही. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला डच प्रथेची गोष्ट सांगावी. कार्यालयात आकड्यांशी खेळणाऱ्या कारकुनाने जाहीरनाम्याची बेरीज तपासावी. ज्याला रोजकीर्द तपासता येते, त्याला राज्याचा जमाखर्च समजणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

असे केल्याने कोणत्याही एका पक्षाचा लाभ होणार नाही आणि कोणाचे विशेष नुकसानही होणार नाही. पुढील निवडणुकीत मात्र या जिल्ह्याच्या मातीत उभे राहून बोलणाऱ्याला, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, ‘खर्च म्हणजे कोणता खर्च?’ हा प्रश्न ऐकावा लागेल. १८६० च्या कुणब्याला तो विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे.