थोड्या गिऱ्हाइकांचा बाजार

मंडईत मालाची आवक वाढली की भाव उतरतो आणि घेणारे पुष्कळ असले की दुकानदाराला थोड्या नफ्यावर माल देणे परवडते, हा हिशोब कोणाला शिकवावा लागत नाही. परंतु असाही एक बाजार आहे की जेथे गिऱ्हाइके जितकी थोडी तितका भाव चढा असतो. तेथे माल वापरणारा एक, तो निवडणारा दुसरा आणि पैसे मोजणारा बहुधा तिसराच असतो. दुर्मिळ रोगांवरील औषधांचा हा बाजार. त्याची घडण ध्यानात यावी म्हणून आम्ही हीमोफिलिया या रक्तविकाराचे उदाहरण घेत आहोत.

रक्त गोठण्यासाठी शरीरात अनेक घटकांची एक साखळी काम करते. तीतला आठवा घटक अपुरा असला तर हीमोफिलिया ‘ए’ आणि नववा अपुरा असला तर हीमोफिलिया ‘बी’ होतो. दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे रोग प्रायः मुलग्यांना होतो आणि दोष आईकडून येतो. एवढे ऐकून आपल्या घरांतून सुनेच्या माहेराकडे बोट दाखविले जाते. पण सुमारे एक तृतीयांश रोग्यांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणालाही झालेला नसतो, हे बोट दाखविणाऱ्यांना ठाऊक नसते. दुसरी समजूत अशी की, बोट कापले तर रोग्याचे रक्त थांबत नाही आणि हाच काय तो धोका. मेंदूत रक्तस्राव झाला तर प्राणावर बेतते हे खरे. परंतु रोजची हानी होते ती सांध्यांत. गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत पुनःपुन्हा रक्त साचते, कूर्चा झिजते आणि उपचार न मिळालेला मुलगा ऐन तारुण्यात पांगळा होतो.

यावर पहिला सुलभ उपाय अमेरिकेत ज्यूडिथ पूल या विदुषीने १९६४ च्या सुमारास काढला. गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिला म्हणजे तळाशी जो साका उरतो, त्यात आठवा घटक भरपूर असतो. हा साका कोणतीही बरी रक्तपेढी तयार करू शकत असे. पुढे हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून त्यापासून कारखान्यांत भुकटी बनू लागली. सोय झाली खरी. पण एका दात्याचे दूषित रक्त शेकडो कुप्यांत पोचू लागले आणि १९८० नंतरच्या दशकात हजारो रोग्यांना एचआयव्ही व कावीळ यांची लागण झाली. त्यानंतर, १९९२ साली, जनुकतंत्राने बनविलेला आठवा घटक अमेरिकेत विक्रीस आला.

हा घटक शरीरात टोचला की सुमारे बारा तासांत निम्मा होतो. म्हणून रक्तस्राव होऊ नये अशी इच्छा असेल तर आठवड्यातून दोन-तीन वेळा शिरेतून सुई घ्यावी लागते, आणि तीही जन्मभर. कारखानदाराच्या दृष्टीने हा दुधाच्या रतिबासारखा व्यवहार झाला. गिऱ्हाईक थोडे, पण न सुटणारे. त्यातच अमेरिकेने १९८३ साली असा कायदा केला की, ज्या रोगाचे रोगी त्या देशात दोन लाखांहून कमी, त्यावर नवे औषध आणणाऱ्यास सात वर्षे त्या रोगापुरता विक्रीचा एकाधिकार मिळावा. त्याशिवाय अशा औषधांकडे कोणी वळले नसते, हे मान्य केले पाहिजे. मात्र किमतीला वरची मर्यादा त्या कायद्याने घातली नाही.

आता या बाजारात जे नवल घडत आहे ते सांगतो. एकदाच टोचून जन्माची सुटका करू पाहणारे जनुकोपचार निघाले. नवव्या घटकासाठीचा पहिला उपचार अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. त्याची किंमत पस्तीस लक्ष डॉलर. आठव्यासाठीचा २०२३ मध्ये आला, एकोणतीस लक्षांना. रोगी त्यावर तुटून पडतील अशी अटकळ होती. ती फोल ठरली. फायझर कंपनीने २०२४ मध्ये मंजूर झालेला आपला उपचार, मागणी नाही म्हणून, २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केला. बायोमरिननेही आठव्या घटकाचा उपचार विकून टाकण्याचा मनोदय त्याच वर्षी जाहीर केला.

असे का व्हावे? एक तर आठव्या घटकाच्या उपचाराचा गुण वर्षागणिक ओसरतो आणि तोच उपचार पुन्हा देता येत नाही. दुसरे, २०१७ मध्ये एमिसिझुमॅब आले. आठव्या घटकाचे काम करणारे हे औषध कातडीखाली टोचतात आणि तेही आठवड्यातून, फार तर महिन्यातून एकदा. ज्याचा गुडघा आता दुखत नाही, तो अनिश्चित उपचाराला कशाला धजेल? तिसरे कारण आम्हांस सर्वांत मोठे वाटते. पैसे भरते विमा कंपनी. आज तिने एकरकमी पस्तीस लक्ष मोजावे आणि रोग्याने उद्या विमा बदलला तर बचत दुसऱ्या कंपनीच्या पदरात पडावी, हा सौदा कोणता विमेवाला आनंदाने करील?

आपल्याकडे ही किंमत बोलण्यातही येत नाही. हिशोब मात्र करून पाहावा. हीमोफिलिया ‘ए’ सुमारे पाच हजार मुलग्यांत एकाला होतो. सत्तर कोटी पुरुषांत असे एक लक्ष चाळीस हजार रोगी असावयास हवेत. नोंद झालेले याच्या लहानशा हिश्शाएवढेच आहेत. बाकीचे गेले कोठे? काही निदानावाचून गेले, काही खेड्यात ‘लंगडा’ या नावाने वावरत आहेत. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी सरकार औषध मागविणार नाही, आणि सरकारने मोठी मागणी नोंदविल्यावाचून कारखानदार भाव उतरविणार नाही. आयर्लंडसारख्या लहान देशात रोग्यांच्या संघटनेचे प्रतिनिधी तज्ज्ञांच्या शेजारी बसून सबंध देशासाठी औषध निवडतात. दूषित रक्ताची किंमत मोजल्यावर त्यांनी ही जागा मिळविली.

आपल्या देशातही हालचाल आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पाच रोग्यांच्या स्वतःच्याच मूळपेशींत आठव्या घटकाचे जनुक घालण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तोवर पाचांपैकी कोणालाही रक्तस्राव झालेला नव्हता. पाच ही संख्या थोडी आहे, आणि हा उपचार बाजारात कोणत्या भावाने येईल हे तो कोण बनवितो व कोण विकत घेतो यावर राहील. तोपर्यंत मुलाचा गुडघा वारंवार सुजत असेल, दात पडल्यावर रक्त दोन-दोन दिवस झिरपत असेल, तर रक्त गोठण्याची तपासणी करून घ्यावी. ती महाग नाही. कुटुंबातील स्त्रिया दोषाच्या वाहक आहेत की नाहीत, याची परीक्षा मुंबईस परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत होते.