विष नेमके कुठे लागते?

आमच्या केज भागात शरीरातल्या सगळ्या धाग्यादोऱ्यांना एकच शब्द पुरतो : शीर. रक्त वाहते ती शीर, सलाईनची सुई टोचतात ती शीर. पोटरीत गोळा आला की शीर चढते, मान आखडली की शीर धरते आणि अर्धांगवायू झाला की शीर दबते. वर्तमानपत्रे 'मज्जासंस्था' लिहितात, शाळेची पुस्तके 'चेतासंस्था'. मज्जा म्हणजे खरे तर हाडाच्या पोकळीतला गर, त्यामुळे मला पुस्तकातला शब्द अधिक पटतो. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना मी ही संस्था फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याची मोजदाद नाही. मुले आकृती सुबक काढत, भागांना नावे देत, गुण मिळवत. पण त्याच मुलांच्या घरी कुणाला विंचू चावला, कुणाला फवारताना भोवळ आली, कुणाला रात्री साप डसला, तर आकृतीचा आणि समोरच्या माणसाचा काही संबंध आहे हे कुणाच्या ध्यानात येत नसे. वास्तविक या तिन्ही प्रसंगी विष लागते ते चेतासंस्थेलाच. ते तीन निरनिराळ्या ठिकाणी लागते आणि त्या ठिकाणावर उपचार ठरतो. 'विष उतरवणे' असा एकच उपाय म्हणूनच असू शकत नाही.

आधी थोडी ओळख. मेंदू आणि पाठीच्या कण्यातून जाणारा मेरुरज्जू हे मुख्य कार्यालय. तिथून निघून कातडीपर्यंत, स्नायूंपर्यंत, आतड्यांपर्यंत गेलेल्या चेता म्हणजे बाहेरचे जाळे. माणसाच्या मेंदूत सरासरी ८,६०० कोटी चेतापेशी असतात, असे २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणीवरून दाखवले. चेतापेशीला एक लांब शेपूट असते, तो अक्षतंतू. कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचणारा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर भरतो, आणि तो सबंध एकाच पेशीचा भाग असतो. सर्वांत वेगवान तंतूंतून निरोप सेकंदाला सुमारे १२० मीटर धावतो. ठणका नेणारे बारीक तंतू मात्र सेकंदाला मीटरभरच सरकतात. अंधारात अंगठा उंबऱ्याला आपटला की आधी लागल्याचे कळते आणि कळ मागाहून येते, ती या फरकामुळे.

हा निरोप विजेचा असतो, पण तारेतल्या विजेसारखा नव्हे. पेशीच्या आवरणात सोडियमसाठी अतिसूक्ष्म दारे असतात. एक दार उघडले की बाहेरचे सोडियम आत घुसते, त्या धक्क्याने शेजारचे दार उघडते, मग त्याच्या पुढचे. उघडलेले दार हजारांश सेकंदात आपोआप मिटते. इंग्लंडमध्ये हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकुळाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून हा हिशेब १९५२ साली मांडला आणि १९६३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते दाराचे मिटणे. कारण लाल विंचू नेमके तेच होऊ देत नाही.

आपल्याकडे विंचवांचे दोन प्रकार लोकांना ठाऊक आहेत. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही. छोटा, तांबूस, दगडाखाली आणि गोवऱ्यांच्या ढिगात बसणारा लाल विंचू हा खरा घातकी. त्याच्या विषामुळे सोडियमची दारे मिटायला उशीर लागतो आणि तंतू एका निरोपाऐवजी निरोपांचा भडिमार करू लागतो. दंशाच्या जागी हे झाले तर नुसती आग होते, आणि बऱ्याच जणांचे एवढ्यावरच निभावते. धोका असतो तो स्वायत्त चेतासंस्थेत भडिमार सुरू झाला तर. हृदय, घामाच्या ग्रंथी, आतडी, रक्तवाहिन्या यांचा कारभार ही शाखा आपल्याला न विचारता चालवते. तिचे दोन हात : परानुकंपी निवांतपणाचा, अनुकंपी धावपळीचा. विंचवाने दोन्ही एकदम पिरगाळले की आधी उलट्या, लाळ आणि पाणी ओतल्यासारखा घाम. मग हातपाय बर्फासारखे गार. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते.

याचा उलगडा आपल्याच मुलखातल्या एका डॉक्टरने केला, हे मी मुलांना दरवर्षी मुद्दाम सांगत असे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ च्या सुमारास ते रायगडातल्या महाडजवळच्या बिरवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंशाने धडधाकट मुले डोळ्यांदेखत जात होती आणि प्रचलित इंजेक्शनांचा उपयोग होत नव्हता. बावस्कर रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान तासातासाला टिपत गेले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, हे त्यांनी ओळखले. आधी त्यांनी शिरेतून देण्याचे एक औषध वापरले, मग प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी. ही गोळी अनुकंपी चेतांचा निरोप रक्तवाहिन्यांपाशी अडवते. विष अंगातच असते, दारेही उघडीच असतात, फक्त निरोप जिथे पोचून घात करतो तिथे तो ऐकू जात नाही. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांमागे पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एकाच्याही खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या पदवीपेक्षा त्यांचे खाटेशेजारचे तास मोठे वाटतात. घरात लक्षात ठेवायचे ते इतकेच : ठणका फार आहे म्हणून घाबरू नये, ठणका कमी पण उलटी, घाम आणि गार हात असतील, विशेषतः लहान मुलाला, तर एक मिनिटही दवडू नये.

आता तंतूच्या शेवटाकडे येऊ. दोन पेशींमध्ये, किंवा पेशी आणि स्नायू यांच्यामध्ये, एक फट असते. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या वीस ते पन्नास भागांएवढी तिची रुंदी. निरोपाची वीज बहुतेक ठिकाणी ही फट ओलांडत नाही. टोकाशी रसायनाच्या पुड्या तयार असतात. वीज आली की त्या फुटतात, रसायन पलीकडे जाते आणि तिथल्या कुलपात किल्लीसारखे बसते. स्नायूंपाशी हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर याचा पहिला पुरावा दिला. प्रयोगाची कल्पना त्यांना झोपेत सुचली होती म्हणतात. काम झाले की किल्ली मोडावी लागते, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. ते मोडण्याचे काम एक विकर करते, कोलिनएस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू मोडतो.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके या विकरालाच बांधून टाकतात. बोंडअळीची चेतासंस्था आणि फवारणाऱ्याची चेतासंस्था या बाबतीत भावंडे आहेत, म्हणून औषध दोघांनाही लागते. ॲसिटिलकोलिन साचत जाते : बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, स्नायू कातडीखाली वळवळताना दिसतात आणि शेवटी लुळे पडतात. हे विष तेलासारखे कातडीतून मुरते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यात कुणी बाटली तोंडाला लावायची गरज नव्हती. भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहणे पुरते. म्हणून दवाखान्यात नेण्याआधी कपडे उतरवून साबणाने अंग धुणे हाही उपचारच आहे.

दवाखान्यात देतात ते ॲट्रोपिन. आपल्या उकिरड्यावर उगवणाऱ्या धोत्र्यात याच जातीची द्रव्ये आहेत. धोत्र्याचे बी खाल्लेले पोर आठवा : तोंड कोरडे, डोळे विस्फारलेले, अंग तापलेले, बडबड. कीटकनाशकाच्या बाधेचे हे जवळजवळ उलटे चित्र, कारण ॲट्रोपिन ग्रंथी आणि फुप्फुसाकडची कुलपे बुजवते. हे वाचून कुणी धोत्रा उगाळायला घेऊ नये. किती द्यायचे हे छाती कोरडी होईतो क्षणाक्षणाला पाहून ठरवावे लागते. शिवाय हातापायांच्या आणि छातीच्या स्नायूंवरची कुलपे निराळ्या घडणीची असतात, ती ॲट्रोपिनला दाद देत नाहीत. बांधलेले विकर सोडवणाऱ्या प्रालिडॉक्सिम या औषधावर बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांची चाचणी करून २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये फायदा दाखवला. पुढे श्रीलंकेतल्या चाचणीत तो दिसला नाही. तो वाद मिटलेला नाही.

त्याच फटीवर साप घाव घालतो, पण सगळे साप नव्हेत. घोणस आणि फुरसे यांचे विष मुख्यतः रक्तावर जाते. चेतासंस्थेचे वैरी दोन, नाग आणि मण्यार. नागाचे विष पलीकडच्या कुलपात जाऊन बसते. किल्लीला जागाच उरत नाही. यावर प्रतिसर्पविषासोबत निओस्टिग्मिन देतात. ते काय करते? कोलिनएस्टरेजला काही काळ थोपवते, म्हणजे कीटकनाशकाचीच युक्ती मोजक्या मात्रेत. किल्ल्यांची संख्या वाढते आणि त्या विषाला रेटून जागा मिळवतात.

मण्यारीपाशी ही युक्ती फारशी चालत नाही. तिचे विष अलीकडच्या बाजूला, चेतेच्या टोकातच शिरते. पुड्या संपतात, टोक मोडते. तैवानमध्ये चँग आणि ली यांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून हे दोन्ही प्रकारचे घटक वेगळे काढले, आणि त्यातल्या एकाच्या मदतीने पुढे स्नायूंवरच्या कुलपाचा रेणू शास्त्रज्ञांच्या हाती आला. एकदा टोक मोडले की प्रतिसर्पविष रक्तात उरलेले विष निकामी करील, पण मोडलेले जोडू शकत नाही. टोक पुन्हा फुटायला काही दिवस, कधी आठवडे जातात. तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. यंत्र मिळाले तर माणूस उठून चालत घरी येतो.

मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्यांना डसते. खूण दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखते, उलटी होते आणि घरचे म्हणतात, शिळे खाण्यात आले. मग पापण्या जड होतात. संशय आलाच तर कडुलिंबाचा पाला चावायला देतात : कडू लागला तर विष नाही. या परीक्षेने किती जीव घेतले असतील! चव जिभेवरून मेंदूकडे नेणाऱ्या तंतूंना मण्यारीचे विष हात लावत नाही. ते फक्त मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा निरोप शेवटच्या फटीत तोडते. मरणाच्या दारातल्या माणसालाही पाला कडूच लागतो. परीक्षा करायचीच तर वर बघायला सांगावे, जीभ बाहेर काढायला सांगावी, एका दमात आकडे मोजायला लावावेत. पंधरापर्यंत मोजणारा अर्ध्या तासाने आठवर अडला, तर छातीचे स्नायू सुटत चालले आहेत. अर्थात ही परीक्षा गाडीत बसल्यावर करायची. तिच्यासाठी घरी थांबायचे नाही. मांत्रिकाला यश येते ते बिनविषारी सापांच्या आणि विष न सोडता घेतलेल्या चाव्यांच्या जोरावर. तसे चावे पुष्कळ असतात.

आणखी एक गोष्ट. विषाचे हे मोठे रेणू रक्तातून मेंदूत सहजी शिरू शकत नाहीत. हृदयाला आपला ठोका आपणच देता येतो, त्यामुळे तेही चालू राहते. म्हणजे डोळे मिटलेले, बाहुल्या हलत नाहीत, बोट उचलत नाही, चिमट्याला हूं की चूं नाही, आणि आत माणूस जागा असू शकतो. माझा एक जुना विद्यार्थी ऊसतोडीला जातो. फडातल्या कोपीत त्याला मण्यार डसली. मोठ्या रुग्णालयात यंत्रावर त्याचे सहा दिवस गेले. 'आता गावाकडं न्या' असे खाटेशेजारी कुणी म्हणाले, ते त्याने ऐकले होते. बायको नाही म्हणाली, तेही ऐकले होते.

भारतात सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. केंद्राने २०२४ मध्ये कृती योजना जाहीर केली असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. आमच्याकडून अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हे नशीब. पण दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे, आणि रात्री दोन वाजता तिथले जवळचे यंत्र कुठे आहे हे कोपीतल्या माणसाला माहीत नसते. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी झालेला दिसला. मात्र तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेल्या हव्यात. गेल्या काही वर्षांपासून मी ओळखीच्या मुकादमांना उचल देताना दर कोयत्यामागे एक मच्छरदाणी द्यायला सांगतो. दोघे देतात.