सदोष टोला : उपकरण सुधारील की शिक्षक?

क्रिकेटमध्ये 'स्विंग' होतो तो चेंडू. गोल्फमध्ये मात्र काठी मागे खांद्यावर नेणे, खाली आणणे आणि चेंडूला मारून पुढे नेणे या साऱ्या हालचालीला स्विंग म्हणतात. चेंडू समोर स्वस्थ पडलेला असतो. कोणी तो टाकत नाही, कोणी अडवत नाही. मग त्यात अवघड ते काय? तरीही उजव्या हाताने खेळणाऱ्या असंख्य हौशी खेळाडूंची तक्रार एकच असते. टोला बसतो, पण चेंडू हवेत उजवीकडे वळत वळत थेट झाडीत जातो. या दोषाला 'स्लाइस' म्हणतात. तो घालवण्यासाठी दुकानांत तऱ्हेतऱ्हेची साधने मिळतात : हालचाल चुकली की मधेच दुमडणारी बिजागरीची काठी, दंडाला बांधायचे पट्टे, सरावाची जड काठी. दुसरीकडे तासावर पैसे घेऊन शिकवणारे शिक्षक असतात. पैसे कोठे खर्चावे?

उत्तर शोधण्यापूर्वी टोल्याचे विज्ञान पाहू. काठीचे डोके चेंडूला भिडते ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरतेच. तेवढ्यात ४६ ग्रॅमचा स्थिर चेंडू समजा सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटला, तर त्यावरील सरासरी बल किती? वस्तुमान गुणिले वेग भागिले काल हे गणित करून पाहा. उत्तर सुमारे ५,५०० न्यूटन येते, म्हणजे साडेपाचशे किलोग्रॅमच्या वजनाएवढे! या अत्यल्प काळात काठीच्या डोक्याची सपाट बाजू कोणीकडे वळलेली होती आणि डोके कोणत्या दिशेने चालले होते, यावर चेंडूचा पुढचा प्रवास बराचसा ठरतो.

या दोन दिशा एकच असतील तर चेंडूला फक्त उलटी फिरकी मिळते, म्हणजे त्याचा वरचा भाग खेळाडूकडे फिरतो. या फिरकीमुळे हवा चेंडूला वर उचलून धरते. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी १८९० च्या दशकात हे दाखवून दिले. (त्यांचा मुलगा फ्रेडी नामवंत गोल्फपटू होता, घरातच प्रयोगाचे साहित्य!) पण काठी डावीकडे ओढली जात असेल आणि तिची सपाट बाजू त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडी असेल, तर फिरकीचा अक्ष कलतो. मग वर उचलणारे बलही उजवीकडे कलते आणि चेंडू वळतो. हीच स्लाइस.

दोष चेंडूच्या उड्डाणात दिसतो, तर चेंडूच का बदलू नये? १९७० च्या दशकात अमेरिकेत दोघांनी हेच केले. 'पोलारा' नावाच्या त्यांच्या चेंडूवर खळ्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. विषुववृत्ताभोवती एक प्रकारच्या आणि ध्रुवांकडे निराळ्या. विषुववृत्त लक्ष्याच्या दिशेने ठेवून चेंडू मारला, की तो हवेत कमी वळे. १९८१ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडाला पाहिजे असा नियम केला आणि पोलारा स्पर्धांतून बाद झाला. प्रकरण न्यायालयात गेले, १९८५ मध्ये तडजोड झाली. युक्ती नामी होती हे मान्य केले पाहिजे. पण ती वापरणाऱ्याचा स्विंग मात्र होता तसाच राहिला असता!

स्वतःच सराव करून दोष जाणार नाही का? येथे एक गमतीदार अडचण आहे. चेंडू उजवीकडे जातो असे दिसले, की खेळाडू साहजिकच काठी अधिक डावीकडे ओढतो. त्यामुळे काठीचा मार्ग आणि तिची सपाट बाजू यांतील कोन वाढतो, आणि स्लाइस अधिकच बळावते. जितका इलाज करावा तितके दुखणे वाढते. शिवाय काठी वरून खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि डोळ्यांनी पाहून स्नायूंना हुकूम पोहोचायला सुमारे एक पंचमांश सेकंद. चूक कळेपर्यंत चेंडू गेलेला असतो. दुरुस्ती होऊ शकते ती पुढच्या टोल्यात, आणि त्यासाठी आधीच्या टोल्यात काय घडले ते नेमके कळावे लागते.

हे सांगण्यात चांगली उपकरणे शिक्षकालाही मागे टाकतात. पुष्कळ शिक्षक पूर्वी शिकवीत, की चेंडू प्रथम काठीच्या मार्गाने सुटतो. गेल्या काही दशकांत रडारने उड्डाणे मोजली गेली, तेव्हा दिसले की आरंभीची दिशा मुख्यतः काठीच्या सपाट बाजूवर अवलंबून असते. म्हणजे येथे शिक्षकांनाच शिकवणी घ्यावी लागली.

उपकरण आणि शिक्षक यांची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३० गोल्फपटूंचे तीन गट केले होते. एका गटाला शिक्षक तोंडी सूचना देई, दुसऱ्याला शिक्षक व्हिडिओ दाखवून शिकवी, तिसरा आपला आपण सराव करी. दीड तासाचे चार सराव झाल्यावर लगेच चाचणी घेतली. कोण पुढे होते? एकट्याने सराव करणारे! शिकलेले दोन्ही गट मागे पडले. मात्र दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा चित्र उलटले. शिकलेले दोन्ही गट पुढे गेले, आणि त्यांतही व्हिडिओवाला गट पहिला आला. जुनी सवय मोडून नवी बसेपर्यंत खेळ बिघडतो. याच काळात 'शिकवणीने काही होत नाही' म्हणत बरेच जण दुकान गाठत असतील, असे मला वाटते.

दुकानातील साधन उलट पहिल्याच दिवशी गुण दाखवते, आणि तेथेच फसगत होते. दुरेघी वहीत मोत्यासारखे अक्षर काढणाऱ्या मुलाच्या ओळी कोऱ्या कागदावर डोंगर चढू लागतात, हे तुम्ही पाहिले असेल. रेघ आधार देते, पण हात रेघेवर विसंबून राहतो. गोल्फमध्ये तर स्पर्धेत असे साधन वापरून टोला मारायला नियमाने मनाई आहे. हाताच्या हालचालींवरील १९९० च्या एका प्रयोगात काहींना प्रत्येक वेळी त्यांची चूक सांगितली, तर काहींना हळूहळू कमी करत सरासरी निम्म्या वेळाच सांगितली. दुसऱ्या दिवशी काहीच न सांगता परीक्षा घेतली, तेव्हा निम्म्या वेळा सांगितलेला गट सरस ठरला.

हे तुम्हाला वर्गातही तपासता येईल. वीसपंचवीस मुले घ्या. डोळे बांधून प्रत्येकाला १० सेंटिमीटरची रेघ तीस वेळा काढायला सांगा. अर्ध्या मुलांना दर रेघेनंतर किती मिलिमीटर चूक झाली ते सांगा. उरलेल्यांना सुरुवातीला बहुतेक वेळा, मग क्वचितच सांगा. दुसऱ्या दिवशी कोणालाच काही न सांगता प्रत्येकाकडून दहा रेघा काढून घ्या आणि मोजपट्टी लावा.